ताईच्या मेंढ्या आणि एक अक्षर

३ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. चहा बिनसाखरेचा. जंतांवरचा पेपर महिनाअखेर पूर्ण. कुणालाही फुकट सल्ला नाही.

३ मार्च, सकाळी ११
ताईचा फोन. एका मेंढीच्या जबड्याखाली सूज. सल्ला दिला. सख्खी बहीण 'कुणाला'मध्ये धरत नाहीत. पोटातले जंत रक्त पितात म्हणून सूज येते, जंताचं औषध पाज, म्हटलं. ती म्हणाली, "अरे, तूच सांगितलंस म्हणून दर महिन्याला एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जणींना पाजतेय की." मग पंधरवड्याला पाज, म्हटलं. चहात साखर घातली. निर्णय घेताना लागते.

९ मार्च
दोन मेंढ्या गेल्या. कारण: हवेतला बदल. तसं ताईला कळवलं. लॅबमधली नवी मुलगी ऐकत होती. म्हणाली, सर, औषधाच्या आधी आणि नंतर लेंड्यांमधली जंतांची अंडी मोजून बघायची का? अठरा वर्षं या खुर्चीवर आहे, असं तिला शांतपणे सांगितलं. आवाज थोडा चढला असावा.

१४ मार्च
पेपरचा पहिला परिच्छेद झाला. झकास. "सगळ्या जनावरांना सरसकट, वारंवार एकच औषध देऊ नये. औषधाला पुरून उरलेल्या जंतांचीच पिल्लावळ मग वाढते." वाक्य तीनदा वाचलं. हे अर्थात सामान्य लोकांसाठी. ताईकडे माझी देखरेख आहे.

१९ मार्च
ताई स्वतः आली. दोन बस बदलून. मांडीवर लेंड्यांचा डबा, फडक्यात बांधलेला. आणखी पाच गेल्या. उरलेल्यांच्या पापण्या आतून कागदासारख्या पांढऱ्या, म्हणाली. भाऊजी गेल्यावर चार मेंढ्यांवरून तिने हा कळप उभा केला. प्रत्येकीला नाव आहे. नावं देऊ नयेत, त्रास होतो, हे मी पूर्वीच सांगितलं होतं. "तुझ्या मशीनमध्ये घालून बघ," म्हणाली आणि लगेच परत निघाली. डबा फ्रिजमध्ये. उद्या नक्की.

२० मार्च
मीटिंग.

२१ मार्च
डबा बघितला. बाहेरून.

२२ मार्च
लॅबमधल्या नव्या मुलीने न विचारता डबा काढला. रागावलो. थांबवलं नाही.

२६ मार्च, दुपारी ४
निकाल. औषध जंताच्या अंगातलं एक प्रथिन धरून त्याला मारतं. त्या प्रथिनाच्या जनुकात एकच अक्षर बदललं की पकड सुटते. वीस अंडी तपासली. एकोणिसांत अक्षर बदललेलं, आईकडून आलेल्या प्रतीतही आणि बापाकडून आलेल्याही. म्हणजे औषध पाजलं काय न पाजलं काय, सारखंच. एकच औषध वरचेवर दिलं की असं होतं, असं ती नवी मुलगी म्हणाली. म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. मुलगी संस्कारी आहे.
ताईला औषध बदलायला सांगायचं. पण आधी चाचणी पुन्हा करू. विज्ञानात घाई चालत नाही.

३१ मार्च
पेपर राहिला. ताईचे दोन फोन येऊन गेले. पक्कं कळल्याशिवाय उचलून काय सांगणार?

३ एप्रिल
पुन्हा तेच. एकोणीस.

४ एप्रिल
दुसऱ्या जातीचं औषध घेऊन ताईकडे गेलो. चौदा उरल्यात. ती मान धरायची, मी घशात सोडायचो. तिघींना गिळवेना. ताई त्यांचे गळे चोळत राहिली. मग विचारलं, "डब्याचं काय निघालं?" सांगितलं. "कधी कळलं तुला?" काल, म्हणालो. "मग तू तरी काय करणार," म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.
परतीच्या बसमध्ये हिशेब मांडला. सव्वीस तारखेला एकोणतीस होत्या. अशक्त होत्याच. कदाचित तशाही गेल्या असत्या.
कदाचित.

११ एप्रिल, सकाळी ८
ताईचा फोन. अकरा उरल्यात, चरायला लागल्यात. आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा. म्हणाली, शेजारच्या दोघींना तुझं नाव सांगितलंय, त्यांच्याही मेंढ्या बघून देशील ना? माझा भाऊ यातलाच आहे, असं सांगितलंय.
हो म्हणालो. मग म्हणालो, ताई, मला सव्वीसलाच कळलं होतं.
फोन चालू होता. मागे मेंढ्या ओरडत होत्या.
मग म्हणाली, "त्यांना सोडायची वेळ झाली," आणि फोन ठेवला.