मधल्या चाकाची कड

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी एवढं वाच, मग बाकीचं: ह्यांना काही झालेलं नाही. कोपर सुजलंय, तेवढंच. दुसरीकडून तुझ्या कानावर काहीबाही यायच्या आत लिहायला बसले.

परवा दुपारी बोगद्याखालच्या तिसऱ्या वळणावर ह्यांचं इंजिन रुळांवरून उतरलं. मालगाडी डोंगरावरून खाली येत होती. तीन डबे कलंडले, लाकडाचे ओंडके उतारभर पसरले, पण कोणाला मोठी इजा झाली नाही. इंजिन तुझंच, दादा. तू आखलेलं दहाचाकी, ज्याला शेडमधले लोक घोरपड म्हणतात आणि तू दरवेळी फुगून बसतोस.

चौकशी समिती बसली आहे. वीस तारखेला सुनावणी. वेग जास्त होता असं ठरलं तर ह्यांना पुन्हा कधी इंजिनावर चढू देणार नाहीत. वीस वर्षं ज्या माणसाने दुसरं काही केलं नाही त्याचं मी काय करू? सध्या घर दुरुस्त करताहेत. दाराची कडी तीनदा बसवली, आता दार लागतच नाही. लेक म्हणते, बाबांना लवकर कामावर घ्या, नाहीतर आपल्याला अंगणात झोपावं लागेल.

वेग मर्यादेतच होता, असं मला शपथेवर सांगितलं. महिन्यापूर्वी चाकांवर नवे लोखंडी टायर चढवून आल्यापासून इंजिन वळणावर किंचाळायचं, असंही म्हणाले. त्यापुढे विचारलं की, असेल माझीच चूक, म्हणतात आणि हातोडा उचलतात. समितीने तुझंही मत मागवलंय म्हणे. जपून लिही.

वहिनींना नमस्कार. आमच्यावरची माया आहे तशी असू दे. सध्या ती जरा जास्तच लागणार आहे.

तुझी,
ठकी

९ फेब्रुवारी

चि. सौ. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. मेहुणे धडधाकट आहेत, तेव्हा बाकीचं बघता येईल. त्यांच्या हातातला हातोडा मात्र काढून घे.

तू जपून लिही म्हणतेस. ठके, त्या इंजिनासाठी मी चार वर्षं टेबलावर वाकलो आहे. त्याआधी डोंगरावर अकरा डबे चढवायला दोन इंजिनं जुंपावी लागत. हे एकटं अठरा ओढतं. पहिल्या चाचणीला ते बोगद्यातच अडलं आणि आम्ही सगळे कोळशासारखे होऊन बाहेर आलो. तेव्हा एका फायरमनने मला तोंड पुसायला ओलं फडकं दिलं. ते परत करायला गेलो तो तुझं लग्न ठरवूनच आलो, हे तुला ठाऊक आहेच.

अशी अकरा इंजिनं बारा वर्षं त्या वळणांवर चालली, एकही उतरलं नाही. कारण सांगतो. चाक रुळावरून सरकू नये म्हणून त्याच्या लोखंडी टायरला आतल्या बाजूने उभी कड असते. एका रांगेत पाच चाकं आणि पाचांना कड असली, तर एवढं लांब इंजिन वळणावर वळणारच नाही, ताठ राहून रुळावर चढेल. म्हणून मी मधल्या जोडीला कडच ठेवली नाही. ती चाकं रुळावर सपाट, मोकळी सरकतात. साहेब तेव्हा हसले होते, की बिनकडेचं चाक म्हणजे बिनकाठाची परात. पण ती युक्ती खरी ठरली.

म्हणजे दोष इंजिनात नाही. मग वेगाशिवाय काय उरतं? समितीला तेच लिहून कळवावं लागेल. मेहुणे माझे आहेत, तसंच इंजिनही माझंच आहे. माझ्यावर रागाव, पण पत्र लिहिणं थांबवू नकोस.

तुझा,
दादा

१४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी रागावले नाही. डबा भरला आणि फोरमनकाकांना द्यायच्या निमित्ताने शेडमध्ये गेले. ते इंजिन तिथे बाजूला उभं करून ठेवलंय. तुझ्या पत्रात वाचलं होतं म्हणून वाकून चाकं पाहिली. पुन्हा पाहिली. दादा, पाचही जोड्यांना कड आहे. मधल्यासुद्धा.

मी काकांना भोळेपणाने विचारलं, की मधलं असंच असतं का. ते म्हणाले, वर्षापूर्वीच मी इथे बदलून आलो, जुन्या टायरची कड झिजून गेली असेल असं वाटलं. नवे टायर तर कागदाप्रमाणेच चढवलेत. कागद काढून दाखवला. एकच चाक काढलंय, कडेसकट. खाली लिहिलंय, असे पाच जोड. त्याखाली तुझी सही आहे. तुझी सही मी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बाबांच्या जागी पाहिली आहे, चुकणार नाही.

कोणाला बोलले नाही. ह्यांनाही नाही. काकांना त्याचा अर्थ कळलेला नाही, आणि डब्यातली भाजी आवडली म्हणून ते खूश आहेत. तू माझा भाऊ आहेस आणि ते माझे ते आहेत. कोणालाही विसरायला सांगू नकोस, मला जमणार नाही. काय करायचं ते तूच ठरव, आणि लवकर ठरव.

तुझी,
ठकी

१७ फेब्रुवारी

चि. सौ. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळाल्यावर कपाट उघडलं. कागद माझाच आहे. सुट्या भागांसाठी दीड वर्षापूर्वी काढून दिलेला.

आमच्या ऑफिसात जुनी शिकवण आहे, की एकसारखी वस्तू पाचदा काढून शाई नासायची नाही. एक काढायची आणि खाली संख्या टाकायची. हात त्या वळणाने गेला. ज्या चाकासाठी साहेबांशी भांडलो, तेच मी विसरलो. वाचतानाही लाज वाटेल असं आहे, लिहिताना किती वाटतेय ते विचारू नकोस.

हा कागद अकरा इंजिनांच्या शेडमध्ये गेला आहे. आज सकाळी सगळीकडे तारा केल्या, की ज्यांच्या मधल्या चाकांना कड आहे ती इंजिनं जिथे असतील तिथे उभी करा. दुपारच्या गाडीने कागद घेऊन समितीपुढे जातो आहे. वेगाबद्दल लिहिलेलं मत परत घेईन. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत, तेवढी पुरी करू देतील की नाही, बघू. तुझी वहिनी म्हणाली, जा, आणि मफलर विसरू नका.

मेहुण्यांना काय सांगायचं ते तू ठरव. मला सांगायचं धैर्य नाही.

तुझा,
दादा

१ मार्च

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

मी पत्र लिहीत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करावं.

निकाल तुम्हाला कळला असेलच. मला निर्दोष सोडलं. तुम्हाला लेखी समज देऊन कामावर ठेवलं. तुमच्या तारेमुळे पलीकडच्या शेडमध्ये आणखी दोन इंजिनं थांबवली. दोन्हींच्या मधल्या चाकांना कड निघाली. एक तर डबे जोडून डोंगर उतरायच्या तयारीत होतं.

आता माझं ऐका. हे मी तुमच्या बहिणीलाही कालच सांगितलं. इंजिन वर्कशॉपातून आलं तेव्हा तेल घालताना मला ती कड दिसली होती. मी फोरमनला विचारलं. त्याने कागद दाखवला, खाली तुमची सही. म्हटलं, दादांनी काही सुधारणा केली असेल, आपण कोण बोलणार. इंजिन उतरलं त्या क्षणी कारण कळलं. पण तुमचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं. वेगाचा आळ आला तर येऊ दे, आपण भोगू, असं मनात धरून घरी कड्या ठोकत बसलो. फार मोठेपणा करतोय असं वाटत होतं.

तुमच्या बहिणीने सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, की त्या दोन इंजिनांवर कोण होतं. बाकीच्या इंजिनांचा विचार माझ्या मनाला शिवलाच नव्हता. तुमच्या मनात आला. एकावर आमच्याच गल्लीतला ड्रायव्हर होता. संध्याकाळी तो पोराला खांद्यावर घेऊन दारावरून गेला, मला हात केला. त्याला यातलं काहीच माहीत नाही. मी आत जाऊन तोंड धुतलं.

सोमवारपासून कामावर हजर होतोय. वहिनींना आमचा नमस्कार सांगा, आणि आमच्यावर लोभ आहे तो कमी करू नका.

आपला,
ठकीचा नवरा