सहा वर्षांची मापं

१४ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

गेली! सगळी गेली. दोनशे बायकांची मापं, सहा वर्षांची — सकाळी फोन उघडला तर पाटी कोरी.

झालं असं. यासेर, माझा धाकटा भाऊ, सौदीत दम्मामला असतो. सुट्टीवर आलाय. येताना माझ्यासाठी नवा फोन घेऊन आला. पांढरा, महागडा, दुसऱ्या कंपनीचा. त्या कंपनीचं नाव मी या वहीत लिहिणार नाही. माझ्या जुन्या काळ्या फोनच्या कंपनीचंही नाही. दोघींचं एकमेकींशी पटत नाही आणि मरण माझं! काल मी मशीनवर बसले होते, तेवढ्यात साहेबांनी सिम काढून नव्यात घातलं, जुना ‘साफ’ केला आणि चौकातल्या दुकानात देऊन टाकला. मला एका शब्दानं विचारलं नाही. वर म्हणतो, “आपा, वो डब्बा था. फोटो, नंबर सब ले लिया मैं.”

फोटो आले. नंबर आले. मेसेज एकही आला नाही. आणि माझी मापं मेसेजातच!

टेप धरायला दोन हात लागतात. लिहायला तिसरा कुठून आणू? म्हणून फोन खिडकीत ठेवायचा आणि बोलत सुटायचं — नाव, छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाही. तो आवाज स्वतःच्याच नंबरवर पाठवून द्यायचा. कागदावर माप पडलेलं बायकांनाच चालत नाही. देगलूर नाक्याच्या मोहल्ल्यातल्या असोत की मुखेड-कंधारच्या, सगळ्यांचं एकच: “लिहू नको माय, कोण वाचंल सांगता येत न्हाई.” माझ्या फोनला कुलूप, म्हणून भरवसा. एकदा माप दिलं की बाई घरूनच कापड पाठवते आणि म्हणते, मागचंच माप. यावरच तर माझं शिवणकाम चालतं.

पंधरा दिवसांवर रमजान. ईदचे कपडे येऊन पडलेत. काय कापू? कपाळ?

१५ फेब्रुवारी

वीट आला या वस्तूचा. घरात तीन चार्जर आहेत, एकाचीही पिन आत जात नाही. पासवर्ड दिला तर म्हणतो एक अक्षर मोठं हवं. मोठं दिलं तर आकडा हवा. आकडा दिला तर आणखी काही तरी चिन्ह हवं! आणि अंगठा घेत नाही, तोंड दाखवा म्हणतो. नकाब घालून बाजारात उभी राहिले तर मला ओळखेचना. भर रस्त्यात नकाब उचलून त्याला तोंड दाखवू? शिसारी आली.

यासेर हसत होता. म्हणे, सवय होईल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

वजिराबादला संघपालकडे गेले. फोन दुरुस्त करतो, त्याच्या बायकोचे ब्लाउज मीच शिवते. आधी चौकातल्या दुकानात गेले होते. काळा फोन त्यांनी केव्हाच विकून टाकलाय, आणि असता तरी त्यात काही उरलं नव्हतं.

संघपालने पांढरा फोन उलटापालटा करून बघितला. म्हणाला, “ताई, ह्यो जुन्याचे मेसेज एकदाच घेतो. पयल्यांदा चालू करताना, दोन्ही शेजारी ठिवून. ती येळ गेली.”

“बॅकअप असेल की.”

“हाय ना. पर ह्यो त्याला हात लावत न्हाई. त्याच जातीचा फोन पायजे.” मग स्वतःच हसला. “फोनातबी जात हाय बगा ताई. एकाचं पाणी दुसऱ्याला चालत न्हाई.”

मला हसू आलं नाही. नंतर, बसस्टॉपवर, आलं.

त्याने जुन्या जातीचा एक फोन काढून दिला, वापरा म्हणाला. त्यात सिम घालून बॅकअप शोधला. सापडला! पण तारीख ऑगस्ट २०२१ची. त्यानंतर जागा भरली म्हणून बॅकअप बंद पडला होता. साडेतीन वर्षं तो फोन ‘जागा नाही, जागा नाही’ म्हणत होता आणि मी बोटानं बाजूला सारत होते. शिव्या कुणाला देऊ?

१८ फेब्रुवारी

यासेर गेला. निघताना भांडण. “इतना महंगा लाया, तेरेकू कदरच नै.” मी म्हटलं, महाग आणलास, पण विचारलं का? अम्मी मध्ये पडली, अर्थातच त्याच्या बाजूने. “जाते वक्त कायकू मुँह चलारी?” रिक्षात बसला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मलाही वाईट वाटलं, पण फोनवरचा राग कमी झाला नाही.

२० फेब्रुवारी

एकशे बारा बायका परत मिळाल्या. २०१९ ते २०२१. दिवसभर स्वतःचाच आवाज ऐकत बसले. मागे मशीनची खडखड, अम्मीचं खोकणं, लॉकडाऊनमधली ती भोंग्याची गाडी. जुनं माप तर जुनं. काहीच नसण्यापेक्षा बरं. बायका फार तर अर्धा इंच इकडेतिकडे होतात, आत कापड सोडलं की भागतं.

कापायला सुरुवात केली. आज पाच.

२३ फेब्रुवारी, रविवार

मुखेडच्या बसमधून सिंधुताईंची पिशवी आली. नऊ मार्चला त्यांच्या लेकीचं, पुनमचं लग्न, लातूरला. पुनम तिथेच बँकेत आहे. पिशवीत सिंधुताईंच्या पैठणीतलं ब्लाउजपीस, साडीलाच जोडून आलेलं. असं कापड दुसरीकडे मिळत नाही. चुकलं की चुकलं.

फोन आला. “हुमा, मागचंच माप बरं का. लई घाई हाय, मला यायला जमायचं न्हाई.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. ताई, मापं गेली, एकदा या. जिभेवर आलंही होतं. पण म्हणाले काय? “हाव ताई, हाय ना माप!” सहा वर्षांत मी कुणाला दुसऱ्यांदा माप मागितलं नाही. त्याचीच घमेंड.

२०२१चा आवाज लावला आणि कापलं.

१ मार्च

चांद दिसला. उद्या पहिला रोजा. सिंधुताईंचं पार्सल गेलं. गळ्याला बारीक पायपिंग केलं, फार सुरेख झालंय. मीच माझ्यावर खूश.

४ मार्च, मंगळवार

तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

सकाळी समोरच्या गल्लीतून दोन कुर्ते परत आले, दोन्ही काखेत आवळतात. दुपारी सिंधुताईंचा फोन. लातूरहून.

“हुमा, अगं हात वर जाईना! हुकं चार बोटं लांब हायत.”

मी काहीतरी बोलले, कापड आटलं असेल. कापड आटलं! माझ्या तोंडून! त्या म्हणाल्या, “गेल्या दिवाळीला तूच नवं माप घेतलं न्हाईस का? थायरॉइडनं अंग सुटलं म्हून तूच म्हणलीस, ताई जुनं माप इसरा आता.”

घेतलं होतं. आठवतंय. खिडकीत फोन ठेवून, त्यांना हात वर करायला लावून, मोठ्याने बोलले होते. तो आवाज पुसला गेला, आणि तो फोन आता कुणाच्या हातात आहे, देव जाणे. पांढरा फोन टेबलावर पडला होता, त्यावर सूचना: ‘तुमच्या आठवणी पाहा.’ कुणा अनोळखी बाईच्या चपलेसारखी त्याची किळस आली. उचलून कपाटात टाकला.

लग्नाला पाच दिवस. एकुलत्या एक पोरीचं लग्न, आणि आईला घालायला ब्लाउज नाही. माझ्यामुळे.

५ मार्च

पहाटे सहरी खाऊन सहाची लातूर गाडी. मांडीवर कात्री, दोरे, टेप. रोजा होता, गाडीत धूळ होती, आणि शेजारचा माणूस पूर्ण रस्ता मोठ्या आवाजात व्हिडिओ बघत होता. आजकाल कुणाच्याही हातात फोन दिसला की डोक्यात तिडीक जाते.

पुनमच्या घरी पाहुणे. सिंधुताईंनी मला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. फोन, यासेर, २०२१, आणि मी फोनवर मारलेली थाप. म्हटलं, शिव्या द्या.

दिल्याच. “मला सांगायचं हुतंस! मी काय तुला खाल्लं असतं? मेला फोन गेला तर गेला, मला बोलवायचं की! लग्न माझ्या पोरीचं, आन तू आपली लाज झाकून राहिलीस?”

मी टेप काढला. माप घेतलं. छाती पावणेचार इंच जास्त. आत सोडलेलं कापड काढून दीड इंच मिळाला, बाकीसाठी साडीच्या निऱ्यांत दडणारी आतली पट्टी कापली आणि दोन्ही बाजूंना काखेखाली जोड दिला. काठ जुळवायला दोन तास गेले. पुनमच्या मशीनवर शिवलं, त्याची सुई बोथट. शेवटी ताईंनी घालून हात वर केले, खाली केले, पुन्हा वर केले. पुनम म्हणाली, “जोड दिसून राहिला का? न्हाई दिसत.” मला दिसतो. मरेपर्यंत दिसेल.

रोजा सोडायची वेळ झाली तशी ताईंनी खजूर आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढे आणून आपटला. राग गेला नव्हता, पण वेळ त्यांनी माझ्याआधी बघितली होती. खाताना मला रडू आलं.

८ मार्च

ठरवलं. कुठल्याच कंपनीच्या हवाली नाही. शंभर पानी वही आणली. प्रत्येक बाईचं माप नव्यानं घ्यायचं आणि लिहायचं, मराठीत. मोहल्ल्यात मराठी वाचणारं फारसं कुणी नाही, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले म्हणून मला येतं. ही रोजनिशीही त्याच हिमतीवर चालते. नावं लिहायची नाहीत, खुणेचं काहीतरी. ‘निळं दार’. ‘सर्वांत हसरी’. ‘मुखेडची पैठणी’.

१२ मार्च

दुपारी जोहरच्या नमाजनंतर घरोघर फिरते. आज अकरा. पाय भरून आलेत.

बायका आधी कुरकुरल्या, मग कबूल झाल्या. आणि काय काय निघतंय! एकीची कंबर पाच इंच वाढली. एकीचा उजवा खांदा उतरलाय, भांडी घासून घासून. ‘निळं दार’ गेल्या वर्षी बाळ गमावून बसली, मला माहीतही नव्हतं, टेप पोटाला लावला तेव्हा बोलली. यांना मी ‘मागचंच माप’ म्हणत कपडे शिवून देत होते. त्या तसेच घालत होत्या, आवळले तरी, सुटले तरी. कुणी तक्रार केली नाही. फोनचा राग होताच. आता माझाही येतो.

१६ मार्च, रविवार

अम्मीचा ईदचा कुर्ता राहिलाय. तिचं माप फोनात कधीच नव्हतं, मला पाठ आहे — छाती चाळीस, कंबर अडतीस. शिवणकाम तिच्याकडूनच शिकले, पहिलं माप तिचंच. तरी म्हटलं, सगळ्यांचं घेतलं, तुझंही घेते.

“मेरेकू क्या हुआ? चालीस लिख, बैठ.”

मी टेप घेऊन मागे, ती पुढे. आधी नमाजसाठी हातपाय धुऊन वजू करायचा होता. मग दूध उतू जात होतं. मग शेजारीण आली. सत्तरीची बाई लपाछपी खेळते माझ्याशी!

१९ मार्च, बुधवार

असरच्या नमाजनंतर अम्मी जानमाजवरून उठायच्या आत टेप घेऊन तिच्यापुढे बसले. तिने हात वर केले.

छाती चौतीस. चुकलं म्हणून पुन्हा घेतलं. चौतीस. डाव्या काखेखालून टेप नेताना तिने माझं मनगट धरलं. तिथे गाठ आहे, सुपारीएवढी, कडक.

“पिछली बकरीदसे है,” ती म्हणाली. “यासेर दो साल बाद आया था, उसकी छुट्टी कायकू खराब करना.”

मला फार भीती वाटते. डॉक्टर उद्या सकाळी दहाला. बकरीदनंतर मी तिला तीन कुर्ते शिवले, तिन्ही चाळीसचे.