फोटोतला फौजदार

मी, शांतम्मा मल्लिनाथ बिराजदार, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार नळदुर्ग, जिल्हा धाराशिव, डोकं ठिकाणावर आणि चष्मा नाकावर असताना, कुणाच्या दाबाखाली न येता, लई खुशीत हे लिहून ठेवते. शाळा तिसरीपर्यंत. अक्षर सांभाळून घ्यावं.

कलम एक. राहतं घर मुलगा श्रीशैल (मला अव्वा म्हणतो) याला. अट एकच. समोरच्या खोलीतला मिशीवाल्या फौजदाराचा फोटो माझा आहे, हे त्यानं चार माणसांत स्वतःच्या तोंडानं सांगावं. न सांगितल्यास घर मठाला.

खुलासा असा की, मी एकोणीस वर्षं नाटक कंपनीत पुरुषाचं काम केलं. श्रीशैलची सोयरीक जमताना त्यानं लाजून सांगितलं, "हे आमचे मामा. वारले." तेव्हापासून फोटोला हार आहे. विहीणबाई आल्या की हात जोडतात. "भाऊ लई रुबाबदार होता वो तुमचा." मी म्हणते, "व्हय."

कलम दोन. पत्र्याची ट्रंक नात शिवरंजनी हिला. आत कोट, टोपी, बूट, मिशी. कोट आमच्या कंपनीच्या शिंपीण जमिलाबीनं शिवलेला, अजून टाका उसवला न्हाय. बेंबळीच्या जत्रेत एक गृहस्थ नारळ घेऊन तंबूत आले, बहिणीसाठी मला मागायला! मी मिशी काढून चहा दिला. बिचारे नारळ तिथंच विसरले.

अजून दुपारी डोळा लागला की तंबूची कनात हलते, पेटीचा सूर येतो, पडदा सावकाश वर जातो. समोर माणसं न्हाईत. नुसती ज्वारी, लांबवर, डोलणारी. मी तिला सलाम करते.

कलम तीन. आमच्या लिंगायतांत मेल्यावर मातीत बसवून ठेवतात. मला ताठ बसवावं. फौजदार पोक काढून बसत न्हाय.

कलम चार. एवढं लिहिलं तोवर साक्षीसाठी नवे मास्तर नंदीश आले; जमिलाबी आधीच येऊन बसलेली. फोटो बघून म्हणाले, "हे कोण साहेब?" श्रीशैल चहा घेऊन उभा. विहीणबाई तिथंच भाजी निवडत बसलेल्या. मी कागदावरून मान वर केली न्हाय.

"साहेब न्हाय मास्तर," श्रीशैल म्हणाला. "आमची अव्वा हाय ती." आणि स्टुलावर चढून हार काढला.

विहीणबाईंच्या हातातली मेथी खाली पडली. "अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं म्या तुमच्याच पाया पडले व्हय?"

"मग? थोरली हाय मी तुमच्याहून."

सबब, कलम एकमधली अट मी स्वतः खोडली आहे. घर श्रीशैलचं, बिनशर्त. खोडलेल्या जागी सही केली.

सही: शांतम्मा मल्लिनाथ बिराजदार

साक्षीदार:
१. जमिलाबी गफार शेख (डावा अंगठा)
२. नंदीश ईरण्णा पाटील, शिक्षक

ठिकाण: नळदुर्ग
तारीख: १२ फेब्रुवारी २०२४