चोवीस जाकिटं

दि. ३ मे

चि. गुंड्यास,

अ. उ. आ. वि. वि. तुझं पत्र काल दुपारी मिळालं. मी कशी आहे हे विचारलंयस का म्हणून शोधलं, तर शेवटून दुसऱ्या ओळीत सापडलं. बाकी सगळं पान तुमच्या इमारतीतल्या बंद लिफ्टनं खाल्लेलं. तू स्वतः लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि बाबांना चार मजले जिन्यानं चढवतोस, हे मी गिऱ्हाइकांना सांगते तेव्हा पाच मिनिटं दुकानात हसू असतं. तेवढाच काय तो विरंगुळा.

इथे उन्हाळा आला नाही, अंगावर पडलाय. दुकानाचा पत्रा सकाळी दहालाच तापतो. पंखा लावला की कापलेले तुकडे उडतात, बंद केला की घाम कापडावर पडतो. काज-बटणवाल्या बाई बहिणीच्या बाळंतपणाला गेल्यात आणि त्या बहिणीला कसलीच घाई दिसत नाही. अशात तळ्याकाठच्या हॉटेलचं काम आलंय. पंचवीस तारखेपासून त्यांची बाग संध्याकाळच्या जेवणासाठी उघडते, त्याआधी चोवीस वेटरांना नवी जाकिटं हवीत. बाबांशिवायचं माझं हे पहिलंच मोठं काम. हेड वेटर सांगत होता की मास्तर दुकानात नाहीत म्हटल्यावर मालक दुसरा शिंपी बघत होते, यानंच त्यांना माझ्यासाठी भरीला घातलं. म्हणजे हे बिघडलं, तर मास्तर उठले आणि दुकानही उठलं असं म्हणायला सगळे मोकळे.

वेटर सगळे जुनेच आहेत आणि त्यांची मापं गेल्या वर्षी बाबांनीच घेतलेली वहीत आहेत, त्यामुळे दोन दिवस वाचले. त्या दोन दिवसांत मी दुकान झाडून काढलं. गंजलेल्या टाचण्या, फाटके कागदी नमुने, आकडे पुसत चाललेली टेप, सगळं काढलं आणि नवं आणलं.

बाबांचा राग गेला का रे? हात कापत होते, कापड वाकडं गेलं, आणि मी ते गिऱ्हाइकासमोर बोलून दाखवलं. तसं बोलायला नको होतं. पण दोन महिने त्यांना तुझ्याकडे विश्रांती घेऊ दे. कात्रीला हात लावू देऊ नकोस.

तुझ्या बायकोला आणि चिमणीला खूप खूप प्रेम. लोभ असाच असू दे, आणि पुढच्या पत्रात लिफ्ट कमी असू दे.

तुझी ताई

दि. ७ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. लिफ्ट अजून बंद आहे. एवढंच लिहितो. दुसऱ्या कंपनीची असल्यामुळे मला तिला हात लावायची परवानगी नाही. मी रोज संध्याकाळी तिच्या दारासमोर दोन मिनिटं उभा राहतो आणि जिना चढतो.

कात्रीला हात लावू देऊ नकोस म्हणतेस. मी त्यांची छोटी कात्री माझ्या पान्यांच्या पेटीत लपवली. दुसऱ्या दिवशी बाबा भाजीच्या सुरीनं पडदे उसवत बसलेले. म्हणे डावा पडदा उजव्यापेक्षा बोटभर लांब होता. आता दोन्ही सारखेच आखूड झालेत आणि दुपारचं ऊन खालून थेट माझ्या बायकोच्या तोंडावर येतं. तिची दुपारची झोप हा आमच्या घरातला एकमेव शांत तास होता, तोही गेला. माझी कामावरची पँट मला न विचारता अंगासरशी करून ठेवलीय. काल लिफ्टच्या खड्ड्यात उकिडवा बसलो आणि काय झालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. बोलायला गेलं तर म्हणतात, तुला पोक येतंय, कपडा नीट असला की माणूस ताठ राहतो.

रविवारी त्यांना बागेत नेलं. चिमणी झोक्यावर, मी बाकावर आडवा, आणि बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या छातीचं माप नुसत्या नजरेनं सांगतायत. लोक जमले गं. शेवटी एका विणकाम करणाऱ्या बाईंनी पिशवीतून टेप काढली. बाबांनी एका गृहस्थांना छत्तीस म्हटलेलं, ते पावणेसदतीस निघाले. दुसऱ्यांचंही तसंच, थोडं कमीच सांगितलेलं. बाबांनी शांतपणे सांगितलं की बाईंची टेप खोटी आहे. बाईंनी विणकाम गुंडाळलं आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. बाबा मात्र घरी येईपर्यंत खुशीत होते. हात गेले तर जाऊ देत, नजर आहे, असं जिन्याच्या प्रत्येक वळणावर म्हणत होते.

राग गेलाय की नाही सांगता येत नाही. दुकानाचं नाव ते काढत नाहीत, पण टपालवाल्याची वेळ त्यांना पाठ झालीय. पत्र लवकर लिही. लोभ आहेच, तो पडद्यासारखा आखूड करू नकोस.

तुझा गुंड्या

दि. ११ मे

चि. गुंड्यास,

अ. उ. आ. वि. वि. आज मला कुणाशी नीट बोलता येत नाहीये, म्हणून तुला लिहितेय. माझ्या चोवीस जाकिटांचं वाटोळं झालंय.

परवा पाच जणांना अंगावर घालून बघायला बोलावलं. एकाचंही बटण लागेना. हेड वेटरनं पोट आत घेतलं, श्वास धरला, बटण लावलं आणि मग श्वास सोडायला घाबरत उभा राहिला. मला वाटलं माझंच शिवताना चुकलं. शिवण उसवली, पुन्हा मोजलं. वहीत लिहिलंय तसंच तंतोतंत कापलेलं आहे. चूक माझी नाही रे. चूक वहीत आहे.

आता मला कळतंय ते. गेल्या उन्हाळ्यातच बाबांचं बिनसायला लागलं होतं आणि आपल्याला दिसलं नाही. बागेत त्या बाईंच्या टेपनं दाखवलं, तेव्हा तरी तुला समजायला हवं होतं. हात कापतात ते मी समजू शकते, पण नजरही गेलीय आणि कबूल करत नाहीत. चाळीस वर्षं सगळ्यांनी मास्तर मास्तर करून डोक्यावर घेतलं, त्याची फळं मी भोगतेय. या वहीत अशी किती खोटी मापं आहेत देव जाणे. कापड पुन्हा मिळत नाही, दिवस चौदा उरलेत, काज-बटणवाल्या बाईंच्या बहिणीला मुलगी झाली आणि बाई आता बारशाशिवाय येत नाहीत. मालक विचारून गेले, मी हसून सगळं छान चाललंय म्हटलं. तोंड दुखलं हसून.

रात्री रडले. सकाळी पुन्हा दुकान उघडलं, कारण न उघडून सांगणार कुणाला?

यातलं बाबांना काही सांगू नकोस. तुझ्यापाशीच ठेव. लोभ तरी टिकव, बाकी काही टिकत नाहीये.

तुझी ताई

दि. १४ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. ताई, मी घोळ घातलाय. रागावायचं असेल ते रागाव.

तुला आठवतं ना, आपल्या घरी पत्र आलं की जेवण झाल्यावर मोठ्यानं वाचायचं. इथेही तसंच चालतं. बाबा ताट बाजूला सारून, चष्मा न लावता, डोळे मिटून ऐकतात. मी आधी नजर टाकायला हवी होती, टाकली नाही. हेड वेटरनं श्वास धरला इथपर्यंत आम्ही सगळे हसत होतो. बाबा सगळ्यांत जास्त. मग ती ओळ आली. तू खाली रेघ मारली होतीस आणि मी तीसुद्धा जोर देऊन वाचली. तोंड पुढे धावत होतं आणि डोकं मागे राहिलं. थांबलो तेव्हा ‘कबूल करत नाहीत’ पण वाचून झालं होतं.

बाबा उठले. हात धुतले, गॅलरीत जाऊन बसले. दोन दिवस झाले, सुईला शिवलेले नाहीत. मी कात्री आणून समोर ठेवली, तर पेटीत नीट ठेव, गंजेल, एवढंच म्हणाले. चिमणीच्या फ्रॉकचा काठ सुटलाय, तो बायकोनं मुद्दाम त्यांना दिसेल असा टांगला. त्यांनी तोंड फिरवलं. बागेत चला म्हटलं तर जिना नको म्हणतात. इतके दिवस तेच माझ्यापुढे दोन पायऱ्या असायचे.

पाठीमागच्या पानावर त्यांनी तुला लिहिलंय. मी वाचलेलं नाही, पण लिहायला त्यांना सगळी दुपार लागली. तू काहीतरी कर. मला यंत्र दुरुस्त करता येतं, माणूस नाही.

तुझा गुंड्या

*(पाठीमागे)*

चि. थोरलीस आशीर्वाद.

तुझं म्हणणं ऐकलं. तू रागानं लिहिलंस, पण खोटं लिहिलं नाहीस. बागेतही माझं चुकलं होतं. त्या बाईंना मी उगीच बोललो, त्यांची माफी मागायची राहिली.

माझ्यापायी तुझं काम बिघडलं याचं फार वाईट वाटतं. वही तू टाकून दे. त्यातल्या कशावर विसंबू नकोस, सगळ्यांची मापं नव्यानं घे. दुकानातली मोठी कात्री आता तुझी, तिला दर आठवड्याला तेल दे. मी इथे बरा आहे. पावसाळ्यात परत यायचं ठरलं होतं, त्याची काही गरज दिसत नाही. दुकानात माझ्यासारख्याची अडगळच.

तब्येतीला जप. जेवणाची आबाळ करू नकोस.

बाबा

दि. १८ मे

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. गुंड्या, हे पत्र मोठ्यानं वाच. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि हवी तिथे रेघ मार.

बाबा, तुमचं पत्र वाचलं आणि मशीनवर डोकं ठेवून बसून राहिले. पण वेळ नव्हता म्हणून उठले. तुम्ही सांगितलंत तसं चोवीस जणांना पुन्हा बोलावलं आणि नवी मापं तुमच्या जुन्या मापांशेजारी लिहीत गेले. आठव्या माणसाला माझा हात थांबला. सगळे पाऊण-पाऊण इंचानं वाढलेले. तो सडपातळ हेड वेटर, जो दहा वर्षं तोच पट्टा त्याच भोकात लावतो, तोही पाऊण इंच. जो सगळ्यांत जाडा त्याला किंचित जास्त, जो बारीक त्याला किंचित कमी. बाबा, नजर गेलेला माणूस कधी जास्त चुकेल, कधी कमी. इतक्या शिस्तीत कोण चुकतं?

तुमची टेप मी टाकलेली नव्हती. चिंध्यांच्या गाठोड्याला बांधली होती. ती सोडली आणि नव्या टेपेशेजारी टेबलावर अंथरली. नवीवर पावणेसदतीस येतात तिथे तुमच्या टेपेवर छत्तीस आहेत. वापरून वापरून ती लांबलीय. तुम्ही तिनंच मोजायचात आणि तिनंच कापायचात, म्हणून चाळीस वर्षांत कुणाचं बटण अडलं नाही. मी मापं तुमच्या टेपेची घेतली आणि कापलं माझ्या टेपेनं. ज्या टेपेनं मोजलं तिनंच कापायचं, ही पहिल्या दिवशी या टेबलापाशी तुम्ही मला शिकवलेली पहिली गोष्ट, आणि मी तीच विसरले.

तुमची वही चुकलेली नाही. एकही ओळ नाही. आणि बागेत त्या गृहस्थांना तुम्ही छत्तीस म्हणालात, तेव्हा तुमच्या टेपेनं ते बरोबर छत्तीस होते. नुसत्या नजरेनं, लांबून. चूक माझी होती, आणि ती मी तुमच्या माथी मारली, तीही तुम्ही समोर नसताना.

जाकिटांच्या दोन्ही बाजूंना काखेखाली उरलेल्या तुकड्यांची पट्टी घालून ती सैल करतेय. नऊ झाली, पंधरा राहिलीत. पट्टी दिसू नये म्हणून जीव काढतेय, आणि तरी दिसते. तुम्ही इथे असता तर कशी घालायची ते सांगितलं असतं. याल का, असं विचारायचं तोंड मला नाही. तरी विचारते.

तुमची थोरली

दि. २१ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. हे पत्र टपालानं येत नाहीये. गाडीची वाट बघत बाकावर लिहितोय. पाकीट चिकटवून बाबांच्या शर्टाच्या खिशात ठेवतो, तेच तुझ्या हातात देतील.

काल जेवणानंतर तुझं पत्र वाचलं. मोठ्यानं, सगळं, तू सांगितलंस तसं. बाबा नेहमीसारखे डोळे मिटून बसले होते. टेपेवर आलो तेव्हा त्यांनी डोळे उघडले. वाचून संपलं. पुन्हा वाच म्हणाले, पुन्हा वाचलं. माफीचं तू जे लिहिलंस ते दोन्ही वेळा त्यांच्या कानावरून गेलं असं मला वाटतं, कारण ते एकाच गोष्टीशी अडकले होते. मग अचानक ताटावर मूठ आपटून ओरडले:

“शिंप्याची पोर! एका टेपेनं मोजते आणि दुसरीनं कापते!”

ताई, काय सांगू तुला. आठ दिवस हा माणूस पुटपुटल्यासारखा बोलत होता. चिमणी घाबरून आईच्या मागे लपली आणि मी मूर्खासारखा हसायला लागलो, तर मलाही चार शब्द पडले. पाऊण तास बोलत होते. तुला काय शिकवलं, कितीदा शिकवलं, पट्टी काखेखाली घालतात का, ती पाठीतून घालायची असते म्हणजे जन्मात कुणाला दिसत नाही, हे अक्कल नसलेल्या माणसालाही सुचतं, आणि या पोरीला चाळीस वर्षांच्या टेपेनं गाठोडं बांधायची हिंमत कशी झाली. बोलता बोलता चिमणीचा फ्रॉक ओढून घेतला आणि काठ शिवून टाकला. हात कापत होते. टाके थोडे वाकडे आले. त्यांनी ते बघितले, आणि उसवून पुन्हा घातले.

आज पहाटे उठून स्वतःची बॅग भरली. कात्री माझ्या पेटीतून त्यांनीच काढून घेतली. चार मजले असे उतरले की मी बॅग घेऊन मागे धावत होतो. खाली लिफ्टवाला माणूस आला होता, लिफ्ट चालू झाली होती. ती बाबांनी बघितलीसुद्धा नाही.

गाडी दुपारी तीनला पोचेल. दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या ते सुरू होतील. गिऱ्हाईक असलं तरी थांबणार नाहीत, हेड वेटर असला तरी नाही. तू काही समजावू नकोस, माफी मागू नकोस, पाणी पुढे करू नकोस. हे पत्र त्यांनी मध्येच हातात दिलं असेल तर इथेच घडी घालून बाजूला ठेव, ताई, आणि त्यांना पोटभर ओरडू दे.

तुझा गुंड्या