मुंग्या मारायची पावडर

दि. ४ मे

ती. ताईस, सा. न.

नमस्कार मनापासून, पण मन ठिकाणावर नाही. आपल्या काकांनी मला खाटीक करायचं ठरवलंय! मेंढ्यांच्या कुरणात मुंग्यांच्या वारुळांभोवती गोल टकलं पडलीत. त्यात गेल्या महिन्यात टाकलेलं गवताचं बी मुंग्यांनी डोळ्यांदेखत ओढून नेलं. झालं, काकांनी विषारी पावडरीची पोती आणून अवजारांच्या खोलीत रचली. महिनाअखेरपर्यंत एकूण एक वारुळावर टाक, नाहीतर कॉलेजात परत जा, म्हणाले. कॉलेज! जिथून मी सरांशी भांडून भर परीक्षेतून उठून आलो, तिथे!

तुला मातीवाली माहीत नाही. माती-तपासणी केंद्रातून येते. बिनबुडाचं पत्र्याचं डबडं जमिनीत ठोकते, त्यात पाणी ओतते आणि घड्याळ बघत बसते. मेंढ्यांनी तुडवलेल्या जागी पाणी तसंच तटून राहतं; वारुळाच्या कडेला घटाघटा आत जातं. मुंग्या खालची माती वर आणतात, त्यांच्या बिळांतून जमीन पाणी पिते, त्यांनी फेकलेल्या भुशाचं खत होतं, असं ती सांगत होती. टक्कल काय बघता, त्याच्याभोवतीचं हिरवं कडं बघा, म्हणाली. मीही बघितलं. खरं सांगायचं तर आधी तिच्याकडेच बघत होतो.

आता पावडरीला हात लावला तर तिला तोंड कसं दाखवू? नाही लावला तर काका हाकलतील. जेवण जात नाही. काहीतरी सुचव, आणि लगेच सुचव.

तुझा लोभ आहेच, तो जरा घाईने पाठव.
तुझा धाकटा

दि. ९ मे

चि. तापटास, अ. उ. आ.

पत्र दवाखान्यात ड्यूटीवर वाचलं. इतकी हसले की पेशंटने विचारलं, सिस्टर, बऱ्या आहात ना. कालपर्यंत मुंगी चावली की घर डोक्यावर घ्यायचास, आज एकदम मुंग्यांचा वकील? बाबा रे, तिचं कुठे ठरलंय का, एवढं तरी विचार. तू मनातल्या मनात संसार थाटून मोकळा होतोस आणि समोरच्या माणसाला पत्ताच नसतो.

आता कामाचं. बी कसं टाकलंत? आजोबांच्या रीतीनेच ना? मातीच्या गोळीत बी, आणि गोळी फुटू नये म्हणून गुळाचं पाणी? अरे शहाण्यांनो, मुंग्यांना गूळ घरपोच दिलात आणि वर चोर त्याच! थोडं बी बिनगुळाचं टाकून बघा. काकांशी वाद घालू नकोस. ते माणसाचं ऐकत नाहीत, स्वतःच्या डोळ्यांचं ऐकतात. त्यांच्यासमोर पाणी ओत आणि कृपा करून तोंड बंद ठेव.

जेवत जा. माया आहे, म्हणूनच बोलते.
तुझी ताई

दि. १७ मे

ती. ताईस, सा. न.

तू म्हणालीस तसं केलं. डबडं ठोकलं, पाणी ओतलं, ओठ दाताखाली धरले. काका उकिडवे बसून बघत राहिले. मग दुसरी बादली त्यांनी स्वतः आणली, तिसरीही. गुळाचं सांगितलं तेव्हा डोकं खाजवत म्हणाले की तुला आधी विचारायला हवं होतं. बिनगुळाचं बी एका कोपऱ्यात टाकलंय. ते बऱ्यापैकी जागेवर आहे. मुंग्या नेतात, पण चिमूटभर. पाऊस होऊन गवत दिसेपर्यंत पावडर बंद, असं काकाच बोलले. मी जिंकलो होतो, ताई!

काल मातीवाली आली. सोबत एकजण होता. डबडं त्याच्या हातात, पाण्याची बाटली त्याच्या हातात, आणि हसणं तिचं. पुढच्या महिन्यात लग्न आहे म्हणाली, नक्की या म्हणाली. वारुळं वाचवलीत म्हणून माझे आभारही मानले. दादा म्हणाली मला, ताई. दादा!

ती गेली आणि माझं डोकं फिरलं. अवजारांच्या खोलीतून एक पोतं ओढत नेलं, सगळ्यात मोठ्या वारुळाशी फाडलं, ओंजळ भरली. कोणासाठी राखायची ही वारुळं आता? खाली मुंग्या एकेक मातीचा कण तोंडात धरून वर आणत होत्या, बाजूला टाकत होत्या, परत आत जात होत्या. त्यांना ना तिचं काही, ना माझं. ओंजळ तशीच धरून उभा राहिलो. हात भरून आले, पण उघडले नाहीत.

पोतं परत नेलं, हात तीनदा धुतले, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली काकांसमोर ठेवली. म्हटलं, तुमच्याकडे ठेवा, माझ्या हातांचा मलाच भरवसा नाही. काका म्हणाले, त्यांच्या हातांचा त्यांनाही भरवसा नाही. उद्या मुंग्यांनी पुन्हा बी उचललेलं दिसलं तर त्यांचंही डोकं फिरेल. तेव्हा ज्या दिवशी ज्याचं डोकं थंड, त्या दिवशी किल्ली त्याच्याकडे.

आज सकाळी ते बियाच्या कोपऱ्याकडे जाऊन आले, लालबुंद होऊन. किल्ली माझ्या खिशात टाकली.

तू ये, निदान चार दिवस. आम्हा दोघांचं एकदम फिरलं, तर तिसरं माणूस हवं.
तुझा धाकटा