बोअरला पाणी असलेल्या घराबाबत

मी, महेश्वरी हणमंतप्पा बिराजदार, वय त्रेपन्न, अविवाहित, शिक्षिका, मूळ जळकोटची, राहणार तुळजापूर, हे स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि थोड्या रागात लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. रागाला दाखला लागत नाही.

मला आजार नाही. गेल्या रविवारी माझा धाकटा भाऊ धुळाप्पा एका लॉजवाल्याला घेऊन आला आणि मी चहा टाकेपर्यंत दोघांनी माझ्या घराला टेप लावला.

"धुळाप्पा, मी अजून जिवंत हाय."

"आक्का, नुसतं मोजल्यानं काय झिजतंय व्हय?"

म्हणून हे मृत्युपत्र. दोन्ही मिळकती माझ्या पगारातून घेतलेल्या आहेत. वडिलोपार्जित काही नाही.

कलम १. जळकोट रस्त्याचा प्लॉट. ही माझी पहिली गुंतवणूक. पूर्वेचं तोंड आणि मोकळी हवा बघून घेतली. धुळाप्पाने पाणाड्या आणला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो प्लॉटभर फिरला. ईशान्येला नारळ उभा राहिला, आम्ही हात जोडले. तिथं साडेचारशे फूट बोअर मारला. नुसता धुरळा. पाणाड्याने दक्षिणा नेली, नारळही नेला. हा प्लॉट पुतण्या उत्कर्ष यास द्यावा. त्याने खुशाल विकावा, पण बोअर कोरडा असल्याचं गिऱ्हाइकाला आधी सांगावं. मी सांगते, म्हणून तो अजून माझ्याकडे आहे.

कलम २. तुळजापूरचं घर, खाली दोन खोल्या, वर दोन. या वेळी नारळ विकत घेतला नाही. एप्रिलात चार दिवस टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

"बाई, घागर कुठाय तुमची?" एकीने विचारलं.

"मी घर बघायला आलेय."

"रांगेत? उन्हानं व्हतंय असं कधीकधी."

ज्या गल्लीतली एकही बाई त्या रांगेत दिसली नाही, त्या गल्लीत घर घेतलं. 'बाईमाणसानं सोनं घ्यावं, भाडेकरू कशाला,' असं तेव्हा धुळाप्पा म्हणाला होता. घेणाऱ्याने हेच करावं: घर उन्हाळ्यात बघावं, आणि आधी शेजारणीशी बोलावं. एजंट नंतर आपणहून येतो.

हे घर धुळाप्पाची मुलगी शिवांजली हिला, एकटीला. ती टाकीवर चढून कॉक बदलते आणि करारनामा सही करण्याआधी वाचते. आमच्या घराण्यात हे दोन्ही करणारं दुसरं कोणी नाही.

माझी इच्छा अशी की घराचं लॉज होऊ नये. नवरात्रात एका रात्रीला महिन्याचं भाडं सुटतं, हे मला ठाऊक आहे. पण वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या नर्सबाईने दर नवरात्रात आपलं सामान घेऊन जायचं कुठं? महिन्याने राहणाऱ्याला सणासुदीला बाहेर काढून मी आईच्या दर्शनाला जाऊ शकले नसते.

लग्न झालं तरी घर शिवांजलीचंच. पुढेमागे सासरी बिनसलं, तर भाडेकरूला रीतसर एक महिन्याची नोटीस द्यावी आणि तोवर खालच्या माझ्या खोलीत राहावं. त्या खोलीच्या दाराला कडी आतून आहे.

कलम ३. पाटल्या भावजय जगदेवी हिला. तिने आजवर एकदाही माझं घर मोजलेलं नाही.

सहीपूर्वी हा कागद धुळाप्पाला वाचून दाखवला.

"आक्का, माझ्या वाट्याला तर कायच न्हाय."

"तुझं नाव हाय की. खाली, साक्षीदार म्हणून."

"आन् न्हाय केली सही तर?"

"तर शिवांजलीला सांगते, तुझं घर तुझ्या बापाला बघवंना."

त्याने पेन मागितलं.

स्थळ: तुळजापूर, जि. धाराशिव
दिनांक: १४ मे २०२५

लिहून ठेवणार: महेश्वरी हणमंतप्पा बिराजदार (सही)

साक्षीदार:
१. अयोध्या भागवत शिंदे, नर्स, वरच्या खोलीतील भाडेकरू (सही)
२. धुळाप्पा हणमंतप्पा बिराजदार (सही)
नाते: घरमालकिणीचा बाप. (हे त्याने स्वतः लिहिलं.)