पहिली आली

आये,

आपला गोठा पाडला गं परवा. भावानं तिथं भाड्याच्या खोल्या काढायच्या ठरवल्यात. नेऱ्यात आता म्हशीपेक्षा भाडेकरू परवडतो. मी मुद्दाम बघायला गेले आणि आतली भिंत पडेपर्यंत उन्हात उभी राहिले. माझे डोळे भरून आलेले बघून भावाला वाटलं, ताईला म्हशी आठवल्या. वाटू दे म्हटलं. त्या भिंतीवर तू कोळशानं काय काय गिरवलं होतंस ते त्याला कुठून ठाऊक असणार? तो तेव्हा पाळण्यात होता.

मला मात्र तो उन्हाळा जसाच्या तसा दिसतो. माझी चौथीची परीक्षा झालेली. वस्तीवरची शाळा चौथीपर्यंतच, पाचवीला ओढा ओलांडून दुसऱ्या गावात जायचं. बानं आधीच सांगून ठेवलं होतं, "पास झाली तर जाऊ दे. नापास झाली की शाळा बंद. म्हशी हायेत, पोरगं हाय संभाळायला." बा वाईट नव्हता, पण एकदा बोलला की बोलला. निकालाच्या दिवशी नेमकी मी गोवरानं पडलेली आणि बा रानात. मग तूच निघालीस. शाळेची पायरी तू कधी चढली नव्हतीस, म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसलीस. दारात थांबून मला विचारलंस, "बाईम्होरं काय बोलत्यात गं?" मी तापातच म्हटलं, "काय न्हाई. निस्तं ऐकायचं."

तू ऐकून परत आलीस ती घामानं निथळत. ओट्यावर बा येऊन बसलेला. "काय झालं?" त्यानं विचारलं. "झाली पास," तू म्हणालीस आणि त्याच्याकडं न बघता हंड्यात तांब्या बुडवलास. बा बरं म्हणून उठून गेला. मग तू माझ्या अंथरुणाशी आलीस, माझ्या कपाळावरचे केस मागं सारलेस आणि हळूच म्हणालीस, "तुला पयलीत घातलंय. बाईंनी सोता सांगितलं, पोरगी पयली आली. समदी वर्सं गेली पान्यात. पर म्या बाईला बोलून आले, पयलीत तर पयलीत, पर नाव काडू नगा." कागद घ्यायलाही तू थांबली नव्हतीस.

मला पाढे तोंडपाठ होते गं. पण बाई शहरातल्या, शिकलेल्या, त्या म्हणाल्या म्हणजे तसंच असणार. शिवाय विचारणार कुणाला? बाई सुट्टीला पुण्याला गेलेल्या, आणि तू मला बजावलेलं की वस्तीत चकार शब्द काढायचा नाही, बाच्या कानावर जाईल. आपण दोघी ते ओझं घेऊन हिंडत होतो. गोवर उतरला तसं मला रडू फुटलं. म्हटलं, मला नाही जायचं शाळेत, बारक्या पोरांत बसायची लाज वाटते. तेव्हा तू अशी उसळलीस की म्हैसही दचकून बघायला लागली. "लाज? येष्टीची पाटी वाचता येत न्हाई, ज्याला त्याला इचारत बसावं लागतं, ती लाज. त्यो सांगंल त्या गाडीत बसायचं. पुन्यांदा शिकायला कसली आलीय लाज?" तू मला कधी मारलं नाहीस, पण ते वाक्य माझ्या पाठीवर अजून आहे.

दुसऱ्या दिवसापासून तू नवाच घाट घातलास. दुपारी म्हशी रवंथ करत बसल्या की गोठ्यात यायचं. चुलीतला कोळसा माझ्या हातात द्यायचीस. "मला शिकीव पयलीचं. म्हंजी तुजं पक्कं व्हईल." मी भिंतीवर क काढते, कमळाचा म्हणते. तू लगेच आडवी येतेस, "कमाळ कुटं हाय आपल्याकडं? क कनगीचा म्हन, दानं भरतो तिचा." तशी आपली बाराखडी झाली. ख खुरप्याचा, घ घमेल्याचा. तुझी बोटं शेणाच्या गोवऱ्या थापून जाड झालेली, त्यांत कोळशाचा तुकडा मोडायचा, तू दुसरा घ्यायचीस. सगळं जमलं, पण ण पाशी येऊन गाडं अडलं. बाणाचा ण म्हटलं की तू बानाचा न म्हणायचीस. पाणी म्हटलं की पानी. "योक न हाय की आदीच. दुसरा कशापायी ठिवलाय?" तुझा प्रश्न बिनतोड होता. इतकी वर्षं शिकवून मलाही त्याचं धड उत्तर देता येत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. बाला सांगितलं दाखला आणायला जाते, आणि जाऊन गुपचूप पहिलीच्या रांगेत बसले. आजूबाजूला नाक पुसणारी चिमुरडी, मध्ये मी ताडमाड. बाई आत आल्या, हजेरी घेता घेता थबकल्या. "अगं, तू इथं काय करतेस?" मी म्हटलं, "तुमीच पयलीत घातलंय न्हवं." बाईंना आधी काही कळेचना. मग एकदम उमगलं तशा त्या खुर्चीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या, हसता हसता त्यांच्यावर डोळे पुसायची वेळ आली. "अगं वेडे, पहिली आलीस म्हणजे पहिला नंबर! सगळ्यांच्या वर! तरीच तुझी आई म्हणाली नाव काढू नका. मला वाटलं, इकडची बोलायची रीत असेल."

दाखला छातीशी धरून मी जी धावत सुटले ती थेट गोठ्यात. तू शेण काढत होतीस. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तू हातातली शेणाची पाटी खाली ठेवलीस आणि तिथंच मटकन बसलीस. मला वाटलं आता उचलून घेशील. तू म्हणालीस, "म्हंजी तुज्या बापाशी म्या खोटं न्हाई बोलले?" आख्खा उन्हाळा तुला ते टोचत होतं, आणि मला पत्ताही नव्हता. मग तू भिंतीकडं बघितलंस. आपल्या वेड्यावाकड्या अक्षरांकडं. आवाज अगदी लहान करून विचारलंस, "मंग आता आपली शाळा बंद व्हय?"

माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक. "बंद कशी? तुला ण कुटं येतोय अजून?"

आणि ती बंद झाली नाही. मी पाचवीला जाऊ लागले, दुपारची वेळ हुकली, तर रविवारी बसलो. शेजारची काकू आधी दारातून हसायची, नंतर तीच घमेलं उपडं घालून शेजारी बसली. तू फाट्यावरच्या गाडीची पाटी वाचायला लागलीस. पौड, पुणे, हिंजवडी, एकेक अक्षर बोटानं हवेत काढत. बाया तुझ्या तोंडाकडं बघत उभ्या. जोडाक्षरं तेवढी राहिली होती, पण त्यावरही तुझा तोडगा होता. "पयलंच अक्षार अडलं की वळखायचं, सवारगेटची हाय." ती गाडी तू कधी चुकली नाहीस. पुढं मी बाई व्हायचं शिकत असतानाच तू गेलीस, आणि आपली जोडाक्षरं राहूनच गेली. त्याचं मला फार वाईट वाटतं, आये.

यंदा मारुंजीच्या शाळेत माझा शेवटचा निकाल होता. बांधकामावरची एक आई आली, हिंदी बोलणारी, डोक्यावरची सिमेंटची धूळ तशीच. मी म्हटलं, तुमची मुलगी पहिली आली. तिचा चेहरा खर्रकन उतरला. "पहली में डाल दिया?" मी खुर्चीवरून उठलेच. तिचे दोन्ही हात धरले आणि पहला नंबर, पहला नंबर असं वर्गभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. ती रडली, मीही रडले. तिच्या हाताला तुझ्यासारखीच जाड बोटं होती. मग मी तिला विचारलं, दुपारी सुट्टी कधी असते तुला?

एक कबूल करते. हे पत्र तुला वाचता यावं म्हणून जोडाक्षरं टाळून लिहायचं ठरवलं होतं. दुसऱ्याच वाक्यात भाड्याच्या खोल्या आल्या आणि घात झाला. तशीही याला पाकीट नाही, पत्ता नाही, ते माझ्या कपाटातच राहणार. पण शेवटच्या ओळी तुझ्यापुरत्या लिहिते. यांत एकही जोडाक्षर नाही. बोट ठेवून वाच.

आये, मी पास झाले ते खरं. पण मी नापास असतानाही तू मला शाळेत पाठवत होतीस. आपली शाळा अजून बंद नाही. तुला ण कुठं येतोय अजून?